पेरू, मिरी, ढोबळी… आणि वाइन

सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइनचा ग्लास नाकाजवळ नेल्यावर पेरूचा वास आला, तर तो भास नसतो. बाटलीत पेरू कुणी घातलेला नसतो, अर्कही टाकलेला नसतो. पण पिकलेल्या पेरूच्या वासात असणारा एक गंधकयुक्त रेणू या वाइनमध्येही तयार होतो. द्राक्षाच्या रसात तो जवळजवळ जाणवत नाही, कारण तिथे तो दुसऱ्या रेणूंना बांधलेला असतो. रस आंबायला लागला की यीस्ट ती गाठ सोडवतं आणि वास मोकळा होतो.

वाइन शिकायची म्हणजे फ्रेंच नावं पाठ करायची, ग्लास कसा धरायचा ते बघायचं आणि महागातल्या बाटल्या घ्यायच्या, असा समज आपल्याकडे घट्ट बसलाय. माझं म्हणणं वेगळं आहे. शिकायला लागणारं सगळ्यात मोलाचं सामान तुमच्याकडे आधीपासून आहे. रोज मिसळणाचा डबा उघडणाऱ्या, बाजारात पेरू हुंगून घेणाऱ्या, मे महिन्यात करवंदांवर ताव मारणाऱ्या माणसाचं नाक कमावलेलंच असतं. त्याला फक्त ग्लासाची ओळख करून द्यायची.

मिसळणाच्या डब्यापासून सुरुवात

शिराझ या लाल वाइनला मिरीचा वास येतो, असं चाखणारे कित्येक वर्षं सांगत होते. कारण मात्र २००८ मध्ये हाती लागलं. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी शिराझच्या द्राक्षांतून ‘रोटंडोन’ नावाचा रेणू वेगळा काढला आणि मग तोच काळ्या मिरीतही सापडला, तोही द्राक्षापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात. मिरी हजारो वर्षं जगभर विकली गेली, तिच्यासाठी समुद्र पालथे घातले गेले. पण तिच्या खास वासामागचा हा कळीचा रेणू ओळखू आला तो वाइनचा माग काढताना!

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. साधारण पाचातल्या एका माणसाला हा वास येतच नाही, खूप दाट केला तरी. त्यामुळे एकाच बाटलीतली शिराझ पिताना तुम्हाला मिरी येते आणि शेजारच्याला येत नाही, तर वाद घालू नका. दोघंही खरं बोलताय.

आता ढोबळी मिरची. काबर्ने सोव्हिन्यों नीट पिकली नसेल, तर ग्लासातून चिरलेल्या ढोबळीचा हिरवट वास येतो. इथेही रेणू तोच, जो भाजीवाल्याकडच्या ढोबळीत असतो. त्याला ‘पायराझिन’ म्हणतात. तो इतका उग्र की लिटरभर पाण्यात काही नॅनोग्रॅम पुरतात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. घडांना ऊन लागलं, द्राक्षं पिकत गेली की तो कमी होतो. म्हणून ढोबळीचा वास बाग कशी पिकली त्याची बातमी देतो.

गेवुर्झट्रामिनर हे नाव उच्चारायला अवघड, पण वास ओळखायला सगळ्यात सोपा. लिची आणि गुलाब! लिचीतलं ‘रोझ ऑक्साइड’ त्यातही असतं. बटरसारखा वास देणाऱ्या शार्डनेत ‘डायासेटिल’ असतं, तेच लोण्यातही असतं. आणि जुन्या रिझलिंगला चक्क पेट्रोल पंपाचा वास येतो. तो दोष नव्हे, त्या द्राक्षाची ओळख आहे. त्याच्यावर जीव टाकणारे लोक आहेत.

अमेरिकेतल्या डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ॲन नोबल या प्राध्यापक वासांवर काम करायच्या. १९८४ मध्ये त्यांनी वासांचं एक चक्र प्रसिद्ध केलं. मध्ये ‘फळ’, ‘मसाला’, ‘फूल’ असे मोठे गट आणि बाहेर जाता जाता नेमकी नावं. त्यांचा आग्रह असा की ‘छान’, ‘भारदस्त’, ‘नाजूक’ असले शब्द वापरायचे नाहीत. ज्या वस्तूचा वास येतो तिचं नाव घ्यायचं. हा आग्रह मला मनापासून पटतो. मात्र त्यांच्या चक्रात स्ट्रॉबेरी, रास्पबेरी, ब्लॅककरंट आहेत. ब्लॅककरंट आपल्यापैकी किती जणांनी झाडावर पाहिलंय? मग तुमचं चक्र तुम्ही करा. करवंद, जांभूळ, आमसूल, चिंचेचा कोळ, काकवी, पिकलेलं केळं, दगडफूल, तापल्या तव्यावरचं तूप. ‘हिला जांभळाचा वास आहे’ हे वाक्य कुठल्याही परदेशी समीक्षकाच्या वाक्याइतकंच पक्कं आहे.

डोळे मिटा

बोर्डो विद्यापीठात वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना दोन ग्लास दिले, एक पांढरा आणि एक लाल. पांढऱ्याला त्यांनी मध, लिंबू, फुलं असे शब्द वापरले. लालला चेरी, मसाले वगैरे. दोन्ही ग्लासांत एकच पांढरी वाइन होती. दुसऱ्यात वास नसलेला लाल रंग मिसळला होता. फ्रेडरिक ब्रोशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००१ मध्ये छापून आला आणि तेव्हापासून ‘तज्ज्ञांना काही कळत नाही’ म्हणून तो सांगितला जातो. मला त्यातून निराळं दिसतं. डोळ्याने ‘लाल’ म्हटलं की नाक लाल वस्तूंच्या आठवणी चाळायला लागतं, इतका डोळ्याचा दरारा आहे. घरी करून बघा. डोळ्यांवर रुमाल, दोन्ही वाइन सारख्याच थंड, आणि कुठली लाल ते ओळखायचं.

किमतीचाही असाच दरारा. कॅलिफोर्नियात २००८ मध्ये वीस जणांना मेंदूचं चित्र काढणाऱ्या यंत्रात झोपवून नळीने वाइन पाजली. एकच वाइन एकदा १० डॉलरची म्हणून आणि एकदा ९० डॉलरची म्हणून. ९० डॉलरची जास्त आवडली, हे तर झालंच. मेंदूत सुखाची नोंद घेणारा भागही जास्त उजळला. म्हणजे ती माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांना ती खरंच जास्त छान लागत होती. त्याच वर्षी सहा हजारांहून जास्त आंधळ्या चाखण्यांचा एक अभ्यास आला. किंमत झाकली, की सामान्य पिणाऱ्याला महागडी वाइन अजिबात जास्त आवडत नाही, उलट किंचित कमीच आवडते.

आंधळ्या चाखणीचा सगळ्यात गाजलेला दिवस २४ मे १९७६. पॅरिसमध्ये दुकान चालवणारे इंग्रज व्यापारी स्टीव्हन स्पुरिए यांनी नऊ फ्रेंच परीक्षकांसमोर फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन झाकून ठेवल्या. पांढऱ्यात पहिली आली कॅलिफोर्नियाची शातो मॉन्टेलेना, लालमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाचीच स्टॅग्ज लीप, दोन्ही १९७३ सालच्या. तिथे हजर असलेला पत्रकार एकच, ‘टाइम’ मासिकाचा जॉर्ज टेबर. त्याच्या छोट्याशा बातमीने वाइनचा नकाशा बदलला. त्या दोन्ही वाइनच्या बाटल्या आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत.

सोनाका, तास-ए-गणेश आणि वाइनचं द्राक्ष

हातगाडीवर मिळणाऱ्या सोनाका किंवा तास-ए-गणेशची उत्तम वाइन होत नाही. खायला जे हवं त्याच्या बरोबर उलटं वाइनला लागतं. खायला मोठा मणी, पातळ साल, बिया नकोत. वाइनला लहान मणी, जाड साल, आत बिया आणि साखर भरपूर. खायची द्राक्षं साधारण १७-१८ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) तोडतात, वाइनची लाल द्राक्षं २२ ते २५ पर्यंत पिकू देतात. साखरेची दारू होते, आणि रंग, तुरटपणा, बहुतेक वास हे सगळं सालीत असतं. मणी लहान म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. एका बाटलीला किलोभराहून थोडी जास्त द्राक्षं लागतात.

काळ्या द्राक्षाचा मणी सोलून बघा, आत गर बहुधा पाण्यासारखा. म्हणून काळ्या द्राक्षाची पांढरी वाइन होते: हलक्या हाताने दाबायचं, रस लगेच सालीपासून वेगळा करायचा. शँपेनमध्ये पिनो न्वार हे काळं द्राक्ष मोठ्या प्रमाणावर वापरतात आणि वाइन सोनेरी निघते. साल काही तास ठेवली तर रोझे, काही दिवस-आठवडे ठेवली तर लाल.

जांभूळ, सुपारी, फार उकळलेला कोरा चहा आणि लाल वाइन या सगळ्यांनी जीभ आवळते ती टॅनिनमुळे. लाळेतली प्रथिनं टॅनिनला चिकटतात आणि तोंडातला बुळबुळीतपणा जातो.

द्राक्षांच्या घराण्यांतही कादंबरीला पुरेल इतका मसाला आहे. काबर्ने सोव्हिन्यों हा लाल वाइनचा राजा. त्याचे आईबाप कोण, हे १९९७ पर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. डेव्हिसच्या कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बॉवर्स यांनी डीएनए तपासला तेव्हा निघालं, एक काबर्ने फ्राँ आणि दुसरं सोव्हिन्यों ब्लाँ. राजाचा एक जन्मदाता पांढरा! नावात दोघंही उघड बसले होते आणि तरी कुणी विश्वास ठेवला नसता. दुसरी कथा चिलीची. तिथे ज्याला दीडशेक वर्षं मर्लो म्हणत होते, त्यातलं बरंचसं मर्लो नव्हतंच. १९९४ मध्ये फ्रेंच तज्ज्ञ जाँ-मिशेल बुर्सिको एका बागेत फिरताना थांबले आणि म्हणाले, हे कार्मेनेर आहे. बोर्डोतून जवळजवळ नाहीसं झालेलं द्राक्ष दुसऱ्याच्या नावाने जगाच्या दुसऱ्या टोकाला सुखाने नांदत होतं.

चोरांसाठी फवारलं, केवड्याला लागू पडलं

नाशिक, सांगली, सोलापूरच्या कुठल्याही बागायतदाराला ‘बोर्डो’ म्हणजे काय विचारा. मोरचूद आणि चुना, असं उत्तर येईल. ते बोर्डो हे फ्रान्समधलं वाइनचं बोर्डोच.

१८७८ च्या सुमारास अमेरिकेतून केवडा रोग फ्रान्समध्ये शिरला आणि पानं गळायला लागली. १८८२ च्या शरद ऋतूत बोर्डोतले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे सँ-जुलियाँ गावातल्या बागांतून चालले होते. सगळीकडे वेली उघड्याबोडक्या, पण रस्त्याकडेच्या ओळींवर पानं हिरवीगार. त्यांनी चौकशी केली. येणारे-जाणारे घड तोडतात म्हणून कडेच्या ओळींवर मोरचूद-चुन्याचा निळसर लेप मारायची तिथे पद्धत होती. दिसायला विषारी, चवीला कडू, चोर हात लावत नाही. मिलार्देंनी पुढची वर्षं प्रयोगांत घातली आणि १८८५ मध्ये कृती प्रसिद्ध केली. चोरांना भिववायला मारलेला लेप जगातल्या पहिल्या मोठ्या बुरशीनाशकांपैकी एक ठरला, आणि तो आजही आपल्या बागांत पंपात भरला जातो.

अमेरिकेने त्याआधी आणखी मोठं संकट पाठवलं होतं: फायलोक्झेरा, मुळं शोषणारी सूक्ष्म कीड. १८६० च्या दशकात ती फ्रान्समध्ये दिसली आणि काही दशकांत युरोपातल्या बहुतेक बागा बसल्या. औषधही अमेरिकेतूनच आलं. तिथल्या जंगली वेलींची मुळं या किडीला दाद देत नव्हती. त्या खुंटावर युरोपातल्या द्राक्षाचं कलम बांधलं. आज फ्रान्समधली बहुतेक वाइन अमेरिकन मुळांवर उभी आहे. आपल्याकडेही ‘डॉगरिज’ खुंट घराघरांत माहीत आहे. तो मूळचा टेक्ससचा. इथे त्याला आणलं ते किडीसाठी नव्हे, खारट पाणी आणि दुष्काळ सोसतो म्हणून.

नाशिकची खासियत तर वेलीच्या झोपेतच आहे. युरोपातली वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते आणि वर्षातून एकदा छाटली जाते. आपली वेल झोपतच नाही. म्हणून दोन छाटण्या: एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, पावसाळ्याच्या शेवटी फळछाटणी. दोन छाटण्या, पण पीक एकच. फ्रान्समध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षं तोडतात, नाशिकला जानेवारी ते मार्च. बराच काळ जगातली वाइन ३० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यातच होते असं पुस्तकांत छापलेलं असायचं. नाशिक आहे २० वर.

महाराष्ट्रात आधुनिक वाइनची पायवाट पाडली शामराव चौगुले यांनी नारायणगावला, १९८० च्या दशकात, आणि तीही फसफसणारी वाइन करून. नंतर कॅलिफोर्नियातून परतलेल्या राजीव सामंतांनी गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीत सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ लावलं. २००० साली त्यांच्या सुलाच्या पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. सुला हे नाव आईच्या सुलभा या नावावरून. आज नाशिकच्या वाइनला भौगोलिक मानांकन आहे. आणि ‘मास्टर ऑफ वाइन’ ही या क्षेत्रातली सगळ्यात कठीण पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय आहेत मुंबईच्या सोनल हॉलंड, २०१६ च्या. १९५३ मध्ये ही परीक्षा पहिल्यांदा झाली तेव्हा २१ जण बसले आणि ६ उत्तीर्ण झाले होते.

कापिशीची द्राक्षं, नेवाशाचे कुंभ

‘वाइन आपल्याकडची नव्हे’ असं म्हणणाऱ्यांना कौटिल्याचं अर्थशास्त्र उघडून दाखवावं. त्यात सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे, मद्याच्या प्रकारांची यादी आहे आणि द्राक्षाच्या मद्याला ‘मधु’ म्हटलंय. त्यापुढची गोष्ट मला फार आवडते. या मधूला त्याच्या गावावरून ओळखायचं, म्हणून कापिशायन आणि हारहूरक ही नावं दिली आहेत. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातलं बेग्रामजवळचं नगर. वाइन गावाच्या नावाने ओळखायची ही पद्धत बोर्डो, शँपेन, नाशिक यांच्या कितीतरी आधी आपल्या ग्रंथांत आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत भडोच बंदरात काय खपतं त्याची यादी आहे. त्यात वाइन आहे, आणि गिऱ्हाइकांना इटलीची जास्त पसंत पडते अशी नोंदही आहे. भडोचातून माल घाटावर चढायचा. प्रवरेकाठी नेवाशाच्या उत्खननात भूमध्यसागराकडच्या अँफोरांचे, म्हणजे वाइन-तेल वाहून नेणाऱ्या लांबट कुंभांचे तुकडे मिळाले, घारापुरीलाही मिळाले.

सगळ्यात जुना मान जॉर्जिया देशाचा. तिथल्या मातीच्या भांड्यांत आठ हजार वर्षांपूर्वीच्या वाइनच्या खुणा सापडल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं. तिथे आजही ‘क्वेव्री’ नावाचे मोठे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरून त्यात वाइन करतात. आणि अजूनही द्रवरूपात असलेली सर्वांत जुनी वाइन? स्पेनमधल्या कार्मोना गावात घराचं काम चालू असताना २०१९ मध्ये एक रोमन थडगं लागलं. काचेच्या कलशात अस्थी, सोन्याची अंगठी आणि पाचेक लिटर लालसर द्रव. तपासणीत निघालं, ही दोन हजार वर्षांची पांढरी वाइन. लालसर असूनही पांढरी कशी म्हणता? कारण लाल वाइन कुजताना सालीतल्या रंगापासून एक आम्ल मागे राहतं, आणि ते तिथे नव्हतं.

बूच, बुडबुडे आणि ‘रूम टेम्परेचर’

बूच म्हणजे एका जातीच्या ओकची साल. निम्म्याच्या आसपास पोर्तुगालातून येते. झाड न तोडता साल सोलतात, तीही नऊ वर्षांतून एकदाच, आणि कधी सोलली ते लक्षात राहावं म्हणून सालाचा शेवटचा आकडा खोडावर रंगवतात. झाड साधारण पंचवीस वर्षांचं झालं की पहिली साल निघते. बाटलीच्या बुचाला तिसऱ्या वेळची लागते. म्हणजे बूच लावणाऱ्याने चाळीसेक वर्षं थांबायचं.

पण बुचात कधी कधी ‘टीसीए’ नावाचा रेणू तयार होतो आणि वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास मारतो. हॉटेलात वेटर आधी घोटभर ओततो ती वाइन आवडली की नाही हे विचारायला नव्हे, हा दोष आहे का ते बघायला. हुंगणं पुरतं. याच त्रासाला कंटाळून ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर खोऱ्यातल्या उत्पादकांनी २००० मध्ये एकत्र येऊन रिझलिंगला स्क्रूकॅप लावली. स्क्रूकॅपची वाइन हलकी, हा समज सोडून द्या. रोजच्या पिण्याला ती उत्तम.

‘लाल वाइन रूम टेम्परेचरला प्यावी’ हा सल्ला हीटर येण्यापूर्वीच्या युरोपातल्या गारठलेल्या घरांचा आहे, १६ ते १८ अंशांचा. आपल्याकडे मे महिन्यात खोलीत ३४ अंश असतात. अशी लाल वाइन दारूसारखी भगभगते आणि तिचा सगळा नाजूकपणा उडतो. ओतण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. पैसे न घालवता वाइन सुधारण्याचा याहून मोठा उपाय मला माहीत नाही. शोकेसमध्ये दिव्याखाली उभी केलेली किंवा माळ्यावर टाकलेली बाटली मात्र मुरत नाही, बिघडते.

शँपेनच्या बाटलीत सुमारे सहा वातावरणांचा दाब असतो, मोटारीच्या टायरपेक्षा दुपटीहून अधिक. म्हणून बूच धरून ठेवायचं आणि बाटली फिरवायची, तोंड माणसांपासून दूर. बुडबुड्यांचा शोध दोम पेरिन्यों या साधूने लावला ही कथा गोड आहे, खरी नाही. तो मठात आला १६६८ मध्ये आणि बुडबुडे जावेत म्हणूनच खटपट करत होता. साखर घालून वाइन फसफसवण्याची नोंद ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रजाने १६६२ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली होती.

ग्लास फिरवल्यावर कडेने ओघळणारे थेंब बघून ‘काय जातिवंत वाइन आहे’ म्हणतात. ते थेंब फक्त दारू किती आहे ते सांगतात. दारू पाण्याआधी उडते, पृष्ठताण बदलतो, पातळ थर वर चढतो आणि थेंब होऊन उतरतो. जेम्स थॉम्सन यांनी १८५५ मध्येच हे उलगडून सांगितलं.

गोव्याहून येताना हमखास आणली जाणारी गोड ‘पोर्ट वाइन’ मी कुणाला नाकारणार नाही. पण मूळ पोर्ट पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यातली, ज्याच्या हद्दी १७५६ मध्ये आखल्या गेल्या. तिथे आंबणं चालू असतानाच द्राक्षाची तीव्र दारू ओततात. यीस्ट मरतं, साखर उरते, आणि वाइन गोड तशीच कडक होते, २० टक्क्यांच्या आसपास.

ताटाशी जुळवून घेताना

तळलेल्या सुरमईवर लिंबू का पिळतो? तेच काम आंबटसर सोव्हिन्यों ब्लाँ किंवा फसफसणारी वाइन करते. तेलकटपणा कापला जातो. तांबड्या रश्शाबरोबर टॅनिनची कडक लाल घेतलीत तर तिखट आणि दारू मिळून आग होते. तिथे किंचित गोडसर, थंडगार शेनिन ब्लाँ घ्या. गोडाबरोबर नियम एकच: वाइन पदार्थाहून गोड हवी. श्रीखंडानंतर गोडी नसलेली वाइन नुसती आंबट लागते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. १९९१ मध्ये अमेरिकन टीव्हीवर ‘फ्रेंच विरोधाभासा’चा, म्हणजे चरबीचं खाऊनही फ्रेंचांना हृदयविकार कमी या कोड्याचा, कार्यक्रम झाला आणि लाल वाइन हृदयाला चांगली ही समजूत जगभर पसरली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलंय की मद्याचं कुठलंच प्रमाण निर्धोक नाही. औषध म्हणून पिऊ नका, आणि पिऊन गाडी चालवू नका. शिकायला तर गिळायचीही गरज नाही. दिवसाला कित्येक वाइन तपासणारे लोक प्रत्येक घोट थुंकतात. वास आणि चव तोवर कळलेली असते.

चढ्या भावाच्या बाटल्यांचं गारूड वाटत असेल तर ही हकिकत ऐका. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात बर्गंडीतल्या पोंसो घराण्याच्या ‘क्लो सँ-दनी’च्या १९४५ पासूनच्या बाटल्या निघाल्या. घराण्याचे लोराँ पोंसो स्वतः विमानाने तिथे पोहोचले, कारण त्यांच्या घराण्याने ती वाइन करायला सुरुवातच १९८२ मध्ये केली होती! बाटल्या आणणारा रूडी कुर्नियावान घरातच जुन्या वाइनच्या नकला भरत होता. २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी मोठमोठे संग्राहक त्या नकला कोट्यवधी मोजून घेत होते.

आणि उरलेली बाटली? लाल असो वा पांढरी, झाकण लावून फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस बिनघोर टिकते. पुढे हवेतला प्राणवायू आणि जिवाणू मिळून तिचा शिरका करतात. याच आंबून जाणाऱ्या वाइनने फ्रान्सचे व्यापारी हैराण झाले, तेव्हा सम्राट तिसऱ्या नेपोलियनने १८६३ मध्ये लुई पाश्चरला कारण शोधायला सांगितलं. पाश्चरने सूक्ष्मजंतू पकडले आणि वाइन ५०-६० अंशांपर्यंत थोडा वेळ तापवली की ते मरतात, हे दाखवलं. रोज सकाळी दारात येणाऱ्या दुधाच्या पिशवीवर ‘पाश्चराइज्ड’ छापलेलं असतं ना, ती युक्ती अशी वाइनपासून आली.